पांढरा साका

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टचे विषय वाटले गेले, त्या सकाळी आमच्या विभागप्रमुखांनी आधी मुलांचे विषय वाचून दाखवले. खाडी, विहिरी, तलाव, कारखान्यांचं सांडपाणी. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आम्हा दोघींकडे वळले. वर्गात मुली दोनच. माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला टाल्कम पावडर आली आणि माझ्या वाट्याला बाजारातल्या चहापत्तीतला रंग. दोन्ही कामं प्रयोगशाळेत पंख्याखाली बसून उरकण्यासारखी.

मी उभी राहिले. "सर, मला आमच्या घरामागचा नाला हवाय."

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. "कुठला नाला?"

"डोंबिवलीचा. कारखान्यांच्या भागातून येतो आणि खाडीला मिळतो. मला तो उगमापासून खाडीपर्यंत तपासायचाय."

हा नाला मी शाळेत असल्यापासून रोज बघत आलेले. आमच्या चाळीतली पोरं सकाळी त्याच्या रंगावर पैजा लावायची. आज हिरवा, आज जांभळा. क्रिकेटचा चेंडू त्यात पडला तर कोणी काढायला जायचं नाही, कारण एकदा गेलेल्या एका मुलाच्या पोटऱ्यांची कातडी सोलून निघालेली. आमचे मोठे लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि म्हणायचे, आज जरा जास्तच आहे नाही? त्या पाण्यात नेमकं काय आहे, हे मात्र कोणी कोणाला विचारायचं नाही. विद्यापीठाने पर्यावरण रसायन हा पेपर नुकताच सुरू केलेला. 'त्यात काय स्कोप?' असं सगळ्यांनी सांगूनही मी तो घेतला, तो या एका प्रश्नासाठी.

"मुलींनी नाल्याकाठी फिरायचं?" सर म्हणाले. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण? हं, पालक बरोबर येणार असतील तर घे." आणि त्यांनी पुढच्या कामाला हात घातला. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

घरी बाबांनी सरळ नकार दिला. बाबा त्याच औद्योगिक भागातल्या एका रसायनांच्या कारखान्यात खरेदी विभागात होते. आवाज न चढवता बोलणारा माणूस, पण त्या दिवशी ताट पुढे सरकवून ते म्हणाले, "मी आत नोकरी करायची आणि माझ्या मुलीने बाहेर बाटल्या घेऊन उभं राहायचं? लोकांना मी काय सांगू? तुला चहापत्ती दिलीय ना, मग चहापत्ती कर."

आई गवार निवडत बसलेली. ती कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर ट्रंक कॉल न लागलेल्या लोकांची बोलणी खाऊन ती घरी यायची, त्यामुळे तिला कोणाच्या आवाजाची भीती अशी राहिलीच नव्हती.

"पालक म्हणजे आई पण चालते ना गं?" तिने मला विचारलं.

"चालते."

"मग मी जाते. माझी सुट्टी बुधवारी असते."

"अगं, तुला त्यातलं काय कळतं?" बाबा म्हणाले.

"बादली धरायला काय कळावं लागतं, अहो?"

दुसऱ्या दिवशी मी आईच्या सहीची चिठ्ठी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग नाइलाजाने साठ्यातल्या काचेच्या बाटल्या माझ्या नावावर दिल्या.

पहिल्या बुधवारी आई जुनी सुती साडी खोचून, पायात बाबांचे पावसाळी बूट घालून निघाली. रिक्षावाला आमच्या बादलीकडे आणि कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघून म्हणाला, "विहीर शोधताय का?" आई म्हणाली, "हो, रंगीत."

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत तशी सोपी आहे. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. त्यात लगेच दोन द्रावणं टाकायची आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका, म्हणजे गाळ, धरतो. नसेल तर पांढरा. आकडा नंतर प्रयोगशाळेत निघतो, पण हो की नाही ते तिथल्या तिथे, डोळ्यांना दिसतं. आदल्या दिवशी मी घरच्या नळाच्या पाण्यावर आईला हे करून दाखवलेलं, तेव्हा ती म्हणालेली, "चांगला चहासारखा रंग आलाय."

कारखान्यांच्या मागे नाल्याला बिटाच्या रसासारखा रंग होता आणि पाण्यावरून वाफ निघत होती. एवढ्या रंगात साक्याचा रंग ओळखणं शक्य नव्हतं. म्हणून तिथे मी फक्त आम्लता, तापमान वगैरे घेतलं आणि ऑक्सिजनसाठी आम्ही खाली, वस्तीजवळच्या छोट्या पुलावर आलो. तिथे घरांचं सांडपाणी मिसळून रंग फिका व्हायचा. आईने बादली सोडली. मी बाटली भरली, द्रावणं टाकली, बूच घट्ट दाबून बाटली हलवली.

पांढरा. चहाच्या डागासारखी कुठे तपकिरी छटा दिसते का म्हणून मी बाटली उन्हात धरली. नाही. दही विस्कटावं तसा पांढराशुभ्र साका तळाशी बसत गेला.

"म्हणजे काहीच नाही?" आईने विचारलं.

"काहीच नाही."

ती पुलाच्या कठड्यावर टेकली. "आणि आपण इथे वीस पावलांवर झोपतो," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी कारखान्यांच्या मागे आम्ही बादली सोडली, तेवढ्यात सफारी घातलेला एक माणूस स्कूटरवरून आला. स्कूटर बंद न करताच त्याने विचारलं, "मॅडम, काय चाललंय इथे? परमिशन आहे?"

"कशाची?" आईने टेलिफोनवरच्या आवाजात विचारलं.

"सॅम्पल घ्यायची."

"तुमच्याकडे आहे का? हे सोडायची?"

"ते आमच्या साहेबांना विचारा."

"मग आमचं हिच्या सरांना विचारा," आई म्हणाली आणि बादली वर ओढून घेतली.

त्याने माझ्या पिशवीवरचं कॉलेजचं नाव वाचलं आणि तो निघून गेला. आई दोरी गुंडाळत म्हणाली, "बाटली भर पटकन, पाणी निवतंय."

नाला शेवटी खाडीला मिळतो आणि खाडी पुढे ठाण्याच्या अंगाने कोलशेतकडे जाते. तिथलं पाणी तपासल्याशिवाय माझं काम पुरं होणार नव्हतं. तिथे होडी लागणार होती. कोलशेतच्या कोळीवाड्यात एका बाईंची होडी असल्याचं कळलं. त्या दारात जाळं सांधत बसलेल्या. आमच्या बाटल्या बघून त्यांनी मान फिरवली.

"नाय जमनार," त्या म्हणाल्या. "आंगुदर बी आलेले बाटल्यावाले. भरून नेल्यान, परत कोन आला नाय."

"मी येईन," मी म्हटलं. "काय निघालं ते तुम्हाला येऊन सांगेन."

"सांगून काय व्हनार?"

आई त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली, जाळ्याचं दुसरं टोक हातात धरलं आणि त्यांच्या सुनेची, नातवंडांची चौकशी करत राहिली. बऱ्याच वेळाने त्या उठल्या. "चला. भरती हाय तवर."

होडीत त्यांनी सांगितलं की हल्ली मावरं, म्हणजे मासळी, रांधली की घरभर रॉकेलचा वास सुटतो. बाजारात गिऱ्हाईक आधी मासा हुंगतं, मग भाव विचारतं. त्या हे रागाने सांगत होत्या आणि त्यांच्या बोलण्यातून असं वाटत होतं की तो राग आमच्यावरच आहे. आम्ही डोंबिवलीहून आलेलो, म्हणजे पाणी जिथून येतं तिथून. तो राग मला पटला. भरतीच्या पाण्यात साका फिका तपकिरी आला. ओहोटीला, जेव्हा वरचं पाणी खाली उतरतं, तेव्हा जवळजवळ पांढरा.

महिन्याभराने मी कोलशेतला जाऊन त्यांना हे सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं. "मंग आता?" त्या म्हणाल्या. मग त्यांनीच चहा टाकला.

जानेवारीत सरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"एका कारखान्यातून फोन आलेला," ते म्हणाले. "हे लोक आपल्या विभागाला जुनी उपकरणं देतात. तुझ्या वर्गातली निम्मी मुलं उद्या तिथेच नोकरी मागायला जाणार आहेत. मी तुझं काम थांबवत नाही. फक्त रिपोर्टमध्ये जागांची नावं घालू नकोस. साइट ए, साइट बी, साइट सी असं लिही. शास्त्राला काय फरक पडतो?"

"मी कारखान्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, सर. फक्त नाल्याची जागा लिहिलीय."

"जागा वाचली की नाव कळतंच."

"पण सर, दुसऱ्या कोणाला तिथे जाऊन तेच पाणी पुन्हा तपासता आलं पाहिजे ना? हे तुम्हीच शिकवलंत. साइट ए कुठे शोधायची त्याने?"

सर लालबुंद झाले. "माझी सही लागते त्या रिपोर्टवर, हे लक्षात ठेव."

ठेवलं लक्षात. पण मार्चमध्ये टायपिंगला दिलं तेव्हा सगळ्या जागा जशाच्या तशा लिहिल्या. कुठल्या रस्त्याच्या मागे, कुठल्या पुलाखाली, कुठल्या बंदराजवळ. टाइप करणारी मुलगी डोंबिवलीचीच होती. ती म्हणाली, "अगं, हा तर माझ्या मावशीच्या घरामागचा पूल!"

जानेवारीत सरांनी मला बोलावलं, त्याच आठवड्यात बाबांना त्यांच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला हे कळलं तेव्हा आम्ही जेवायला बसलेलो. बाबा तोवर माझ्याशी नाल्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हते. माझ्या बाटल्या मोरीत दिसल्या तर ते त्यांना वळसा घालून जायचे.

"साहेबांनी विचारलं, ती तुमचीच मुलगी का?" आमटी वाढून घेत ते म्हणाले. "मी म्हटलं, हो. म्हणाले, तिला जरा समजवा."

आईने विचारलं, "मग?"

"मग काय? मी म्हटलं, साहेब, इतकी वर्षं संसार केला, अजून तिच्या आईला समजवता आलेलं नाही."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी ताटात मान घातली. बाबांना त्या वर्षी बढती मिळायची होती, ती मिळाली नाही. ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत आणि माझ्या बाजूने आहेत असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. पण त्या रविवारी त्यांनी माझ्या बाटल्यांसाठी लाकडी खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून दिले, म्हणजे रिक्षात त्या एकमेकींवर आपटू नयेत.

सरांनी सही केली, पण अगदी शेवटच्या दिवशी. फाईल माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बाहेरून येणारे परीक्षक मोठे कडक आहेत. त्यांना दे आता उत्तरं."

परीक्षक खरंच कडक निघाले. पांढरे केस, खादीचा शर्ट, प्रत्येक पान वाचलेलं. सर शेजारी बसलेले.

"तुमचा शून्य ऑक्सिजन हा कारखान्यांमुळे आहे, असं तुम्ही सुचवता," परीक्षक म्हणाले. "पण पुलाखाली घरांचं सांडपाणीही येतं. त्यानेही ऑक्सिजन संपतो. मग दोष कारखान्यांना का?"

"बरोबर," सर घाईने म्हणाले. "मीही हेच सांगत होतो."

मी त्यांना मधली पानं उघडायला सांगितली. फेब्रुवारीत आईची सुट्टी बदलून शुक्रवारवर गेलेली, म्हणून तेवढा एक महिना आम्ही शुक्रवारी गेलेलो. आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. त्या शुक्रवारांना पुलाखाली साका तपकिरी आला होता. अगदी फिका, पण तपकिरी. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा आई पुलावर ओरडलेली, "अगं, चहा! चहा!"

"घरांना शुक्रवारी सुट्टी नसते, सर," मी म्हटलं. "सांडपाणी त्या दिवशीही तेवढंच येतं."

परीक्षकांनी पान पुन्हा वाचलं. मग ते सरांकडे न बघता म्हणाले, "एका महिन्याच्या आधारावर ठाम बोलता येत नाही. पण प्रश्न बरोबर विचारलाय." आणि मला जायला सांगितलं.

निकाल लागला तेव्हा प्रोजेक्टमध्ये वर्गातले सगळ्यात कमी गुण मला होते. टाल्कम पावडरलाही माझ्यापेक्षा जास्त. मी मार्कशीट आईला दाखवली. ती म्हणाली, "पास आहेस ना? मग झालं." मला मात्र ते झालं वाटलं नाही. मी रिपोर्टच्या फोटोकॉपी काढल्या आणि आमच्या वस्तीतल्या प्रत्येक इमारतीच्या नोटीस बोर्डावर शेवटचं पान मराठीत लिहून लावलं. काही ठिकाणी ते दुसऱ्या दिवशी फाडलेलं असायचं. मी पुन्हा लावायची.

पुढे मला ठाण्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि पर्यावरण रसायन हाच पेपर मी शिकवायला लागले. नव्वदचं दशक निम्मं सरलं तोवर आमच्या भागात वास असह्य झालेला. आईला दमा जडला. संध्याकाळी ती स्वयंपाकघराची खिडकी लावून, पदर नाकाला धरून पोळ्या लाटायची. वस्तीतल्या लोकांनी समिती केली, मोर्चा काढला, आणि ज्यांनी माझी पानं फाडलेली त्यातलेच काही जण घरी येऊन म्हणाले, "तू आपल्यातली, तूच बोल अधिकाऱ्यांपुढे."

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी पुलाखालचं सगळं सांगितलं, शुक्रवारचंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक अधिकारी उठले आणि त्यांनी जाहीर केलं की नाल्यातलं पाणी आता बंद पाइपातून थेट खाडीत नेलं जाईल, वस्तीला वासाचा त्रास राहणार नाही. टाळ्या पुन्हा वाजल्या, आधीपेक्षा जोरात. पेढे आधीच आणून ठेवलेले होते.

मी उभी राहिले. "पाणी शुद्ध करून सोडणार की तसंच?"

"ते पुढच्या टप्प्यात बघू."

"म्हणजे तसंच. आणि खाडीवर जे राहतात त्यांनी काय करायचं?"

समितीचे अध्यक्ष आमच्याच मजल्यावरचे काका होते. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, आता कशाला खोडा घालतेस? आपल्या दारातलं जातंय ना? तुझं काम झालं."

"माझं नाही झालं, काका. आपल्या दारातलं उचलून त्यांच्या दारात टाकायला मी नव्हते आले."

मागून कोणीतरी म्हणालं, "हिला डोंबिवलीची पडलेली नाही." मी मागे वळून म्हटलं, "इथेच राहते मी. तुमच्यापेक्षा जास्त वेळा त्या नाल्यात हात घातलाय." अधिकाऱ्यांना द्यायच्या आभाराच्या पत्रावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या जात होत्या. पत्र माझ्यापाशी आलं, तसं मी ते सही न करता पुढे दिलं.

घरी येताना आई माझ्याबरोबर होती. मला वाटलं, ती माझी पाठ थोपटेल. ती जिन्यात दम खायला थांबली आणि म्हणाली, "पाइप येऊ दे गं आधी. मला श्वास घेऊ दे. मग भांड."

हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यात काही खोटं नव्हतं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. "तू घे श्वास, आई. मी भांडण थांबवणार नाही." ती कठडा धरून एक पायरी चढली. मग म्हणाली, "ते मला माहितेय. वर चल, दूध तापवायचंय."

पाइप आला. आईने खिडकी उघडली, आणि त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं. त्याच महिन्यापासून मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन पाइपाच्या तोंडाशी जायला लागले. मुली, मुलगे, ज्याला यायचं तो. आम्ही भरतीला मोजायचो, ओहोटीला मोजायचो, आणि निकाल ठाण्याच्या प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयात नेऊन द्यायचो. तिथे आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून ते ठेवून घ्यायचे. बाकी काही व्हायचं नाही. कोलशेतच्या त्या बाईंनी एव्हाना होडी विकून टाकलेली. त्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायच्या आणि ती दुसरीकडून आलेली असायची. तरीही निकाल लागला की मी त्यांना जाऊन सांगायची. त्या म्हणायच्या, "मंग आता?" मी सांगायची, परत जाणार. त्या मान हलवायच्या, पण त्यांनी मला कधी येऊ नको म्हटलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा त्या कार्यालयातले कारकून वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही दर वेळी तेच घेऊन येता."

"तुम्ही दर वेळी तेच सोडू देता," मी म्हटलं. माझ्याबरोबरची विद्यार्थिनी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला शिक्का नीट उमटलाय का ते बघायला सांगितलं. पुसट उमटला होता. आम्ही तो पुन्हा मारून घेतला आणि बाहेर पडलो.